रायशेल आणि देग्रांज: एका माळेत ओवू नयेत असे दोन मणी

फ्रान्समधल्या खेळांच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल वाचायला घेतलं की दोन नावांची हमखास सरमिसळ होते: फ्रांत्झ रायशेल आणि आंरी देग्रांज. दोघेही पॅरिसचे. देग्रांजचा जन्म 1865 चा, रायशेलचा 1871 चा. दोघांनी आधी मैदानात घाम गाळला, मग लेखणी हातात घेतली आणि पुढे दुसऱ्यांच्या खेळाची व्यवस्था बघितली. त्यामुळे 'खेळाडू, पत्रकार, क्रीडा प्रशासक' ही पाटी दोघांच्याही गळ्यात अडकवली जाते. देग्रांजच्या बाबतीत तिसरा शब्द मला पटत नाही. का, ते पुढे येईलच.

खेळाडू म्हणून देग्रांज म्हणजे सायकल. 11 मे 1893 रोजी पॅरिसच्या बफेलो ट्रॅकवर त्याने एका तासात 35.325 किलोमीटर अंतर कापलं. एका तासाच्या विक्रमांची अधिकृत मोजणी तिथूनच सुरू होते. त्याआधी तो वकिलाच्या कचेरीत कारकुनी करायचा. उघड्या पोटऱ्यांनी सायकल चालवताना एका अशिलाने पाहिलं आणि नोकरी गेली, असा किस्सा सांगितला जातो. खरा असो वा नसो, माणसाला शोभतो.

रायशेलचं तसं नाही. त्याला एका खेळात बसवताच येत नाही. 20 मार्च 1892 रोजी फ्रान्सच्या पहिल्या रग्बी अजिंक्यपदाचा सामना झाला आणि रेसिंग क्लबने स्ताद फ्रांसेला 4-3 असं हरवलं. रायशेल त्या रेसिंगच्या संघात होता, आणि पंच होते खुद्द पिएर द कुबेर्तां, आधुनिक ऑलिंपिकचे जनक. चार वर्षांनी अथेन्सच्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये तो 400 मीटर आणि 110 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत धावला. पदक काही मिळालं नाही. ते मिळालं 1900 साली पॅरिसमध्ये, रग्बीत. फ्रान्सने जर्मनीला 27-17 आणि ब्रिटनला 27-8 असं हरवलं. स्पर्धा एवढीच, दोन सामन्यांची! आजच्या नोंदींत ते सुवर्ण धरलं जातं. याशिवाय हॉकी आणि बॉक्सिंगशीही त्याचा जवळचा संबंध होता.

पत्रकारितेत तर दोघांचे रस्ते पारच वेगळे. देग्रांज संपादक झाला तो धंद्याच्या भांडणातून. ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा ठपका ठेवल्याच्या प्रकरणाने तेव्हा सगळा फ्रान्स दुभंगलेला. 'ल व्हेलो' या हिरव्या कागदावरच्या क्रीडा दैनिकाचा संपादक पिएर जिफार ड्रायफसच्या बाजूचा, तर त्यात जाहिराती देणारे काउंट द दियोंसारखे मोटार कारखानदार विरुद्ध बाजूचे. चिडलेल्या कारखानदारांनी 1900 मध्ये स्वतःचं दैनिक काढलं, पिवळ्या कागदावर, आणि देग्रांजला खुर्चीत बसवलं. पेपरचं नाव 'लोतो-व्हेलो'. नावाच्या साम्यावरून कोर्टकज्जा झाला, जानेवारी 1903 मध्ये 'व्हेलो' (म्हणजे सायकल) हा शब्द गाळावा लागला. खप आधीच रडतखडत होता, त्यात नावातून सायकलच गेली. सायकलवाल्या वाचकांना धरून ठेवण्यासाठी काहीतरी भव्य करणं भाग होतं. अख्ख्या फ्रान्सला सायकलने वळसा घालायची, म्हणजेच 'टूर द फ्रान्स'ची, कल्पना जिओ लफेव्र या तरुण सहकाऱ्याची. देग्रांज सुरुवातीला साशंकच होता. 1 जुलै 1903 रोजी पॅरिसजवळच्या माँजरोंहून 60 स्वार निघाले, 6 टप्प्यांत 2,428 किलोमीटर कापून शेवटपर्यंत 21 जण पोचले. मोरिस गारँ जिंकला. पेपरचा खप 25 हजारांच्या आसपास होता, तो 65 हजारांवर गेला. 'ल व्हेलो' पुढच्याच वर्षी बंद पडला.

रायशेल 'ल फिगारो'त खेळांचं पान सांभाळायचा. हे दैनिक खेळाचं नव्हे, राजकारण आणि साहित्याचं. तिथे खेळाला प्रतिष्ठा मिळवून देणं हेच मोठं काम. बातमीसाठी हा गडी काय करेल याचा नेम नसे. 3 ऑक्टोबर 1908 रोजी ल मांजवळ ओवूरच्या मैदानावरून तो विल्बर राइटच्या विमानात बसून वर गेला. बसला म्हणजे खालच्या पंखाच्या कडेवर, राइटच्या शेजारी, समोर काही आडोसा नाही. तब्बल 55 मिनिटं ते हवेत होते. प्रवाशासह इतकं लांब उड्डाण तोवर कुणीच केलं नव्हतं. देग्रांज असता तर त्याने विमानांची शर्यत लावली असती, असं आपलं मला वाटतं.

आता मुख्य गोष्ट. देग्रांज आयोजक होता, मालकाच्या थाटाचा. टूर पेपरची, नियम देग्रांजचे. गिअर बदलणारी यंत्रणा त्याला बायकी वाटायची, म्हणून टूरच्या स्वारांना ती 1937 पर्यंत मिळाली नाही. स्वारांनी आपली दुरुस्ती आपणच करावी हा त्याचा दंडक. पण 1904 च्या टूरमध्ये फसवाफसवीचा कहर झाला आणि पहिल्या चौघांना बाद करायची वेळ आली, तेव्हा निकाल दिला फ्रेंच सायकल महासंघाने. 19 वर्षांचा आंरी कॉर्ने विजेता ठरला. स्पर्धा उभी करणारा एक आणि खेळाचा कायदा राखणारा दुसरा, हा फरक तिथे स्वच्छ दिसतो.

रायशेल कायदा राखणाऱ्यांतला. महासंघ, समित्या, नियमावल्या, पत्रव्यवहार असं कंटाळवाणं वाटणारं काम त्याने आयुष्यभर केलं. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या संयोजन समितीचा तो सरचिटणीस होता. मुख्य मैदान कोलोंबचं, त्याच्याच रेसिंग क्लबचं. गंमत अशी, की ज्या रग्बीत त्याने 1900 साली यश मिळवलं ती पंधरा खेळाडूंची रग्बी ऑलिंपिकमध्ये शेवटची खेळली गेली ती याच वेळी. अंतिम सामन्यात अमेरिकेने फ्रान्सला 17-3 असं लोळवलं आणि प्रेक्षकांनी धिंगाणा घातला.

त्या ऑलिंपिकमध्ये हॉकी नव्हती, कारण तिचा आंतरराष्ट्रीय महासंघच नव्हता. जानेवारी 1924 मध्ये पॅरिसमध्ये तो स्थापन झाला. पॉल लेओते पहिला अध्यक्ष, आणि 1926 पासून रायशेल. म्हणजे 1928 मध्ये ॲमस्टरडॅमला भारताने पाच सामन्यांत 29 गोल केले, एकही खाल्ला नाही आणि अंतिम सामन्यात हॉलंडला 3-0 हरवलं, तेव्हा हॉकीच्या जागतिक गादीवर हा माणूस होता. त्याच संघाला मुंबईच्या बंदरावर निरोप द्यायला अवघे तीन जण आले होते, अशी आठवण ध्यानचंदने लिहून ठेवली आहे.

दोघांच्या मागे काय उरलं तेही बघण्यासारखं आहे. रायशेल 1932 मध्ये गेला, देग्रांज 1940 मध्ये. टूरमध्ये आघाडीवर असलेल्या स्वाराला मिळणाऱ्या, 1919 मध्ये सुरू झालेल्या पिवळ्या जर्सीवर देग्रांजची आद्याक्षरं आजही असतात, आल्प्समधल्या गालिबिए घाटात त्याचं स्मारक आहे. रायशेलचं नाव फ्रान्समधल्या तरुणांच्या एका रग्बी स्पर्धेला आहे. शिवाय 2 जुलै 1924 रोजी, ऑलिंपिकच्या धामधुमीतच, त्याने पॅरिसमध्ये क्रीडा पत्रकारांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली आणि पहिला अध्यक्षही तोच झाला. दरवर्षी 2 जुलैला जागतिक क्रीडा पत्रकार दिनाच्या शुभेच्छा फिरतात, त्या याच तारखेमुळे.