थिएटरात पडले, टीव्हीवर तरले

‘द साउंड ऑफ म्युझिक’मध्ये नाताळ नाही. साल्झबर्गचे डोंगर आहेत, सात पोरं आहेत, पडद्याच्या कापडातून शिवलेले कपडे आहेत, शेवटी नाझीही येतात. ख्रिसमस ट्री मात्र कुठे दिसत नाही. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मध्येही नाताळचा संबंध नाही. तरीही ब्रिटन-अमेरिकेतल्या कित्येकांच्या मनात हे दोन्ही संगीतपट डिसेंबरच्या सुट्टीशी आणि घरच्या टीव्हीशी जोडलेले आहेत. उलट ज्यांत नाताळ ठासून भरलाय, त्यांतले काही चित्रपट सणासाठी म्हणून काढलेलेच नव्हते. आज ज्याला ‘नाताळचा जुना सिनेमा’ म्हणतात, तो प्रकार स्टुडिओंनी जन्माला घातला नाही. तो टीव्हीने घडवला, आणि तोही फारसं ठरवून नाही. त्यामागे युनियनचे करार आहेत, रिकामे तास भरायची घाई आहे आणि वेळेवर न भरलेला एक अर्ज आहे.

चाळीसच्या दशकात हॉलिवूडला नाताळ हा कथेतला एक प्रसंग म्हणून चालायचा. ‘हॉलिडे इन’ (१९४२) हा वर्षभरातल्या सगळ्या सणांवरचा चित्रपट. आयर्विंग बर्लिनने प्रत्येक सणासाठी गाणी लिहिली, त्यातलं ‘व्हाइट ख्रिसमस’ बिंग क्रॉस्बीच्या आवाजात एवढं गाजलं की ऑस्कर मिळालं आणि १९५४ साली त्याच नावाचा वेगळा चित्रपट निघाला. ‘मीट मी इन सेंट लुईस’ (१९४४) चार ऋतूंत विभागलेला आहे, नाताळ त्यातल्या हिवाळ्यापुरता. पण त्या तुकड्यात ज्युडी गारलंड रडवेल्या धाकट्या बहिणीला खिडकीपाशी जे गाणं म्हणते, ते आजही दर डिसेंबरात वाजतं. ह्यू मार्टिनने ते आधी फारच उदास लिहिलं होतं. हा कदाचित तुझा शेवटचा नाताळ असेल, असा त्याचा अर्थ होत होता. लहान मुलीला मी असलं काही ऐकवलं तर लोक मला राक्षसीण म्हणतील, असं गारलंडचं म्हणणं पडलं. मार्टिन आधी अडून बसला, मग त्याने ओळी बदलल्या. युद्ध चालू होतं, घरोघरची मुलं आघाडीवर होती. बदललेल्या ओळींतही पुरेसा हुरहुर लावणारा सूर उरलाच.

सगळ्यात मजेशीर प्रकार ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’चा. न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानात सांताक्लॉज म्हणून नेमलेला म्हातारा खरोखरच आपण सांता असल्याचं सांगतो आणि प्रकरण कोर्टात जातं. एवढी नाताळाची गोष्ट, आणि फॉक्सचे प्रमुख डॅरिल झॅनक यांनी ती १९४७च्या उन्हाळ्यात लावली, कारण उन्हाळ्यात लोक जास्त सिनेमा बघतात! मग जाहिरातींमधून सांताच लपवावा लागला. सांता झालेल्या एडमंड ग्वेनला पुढे सहायक अभिनेत्याचं ऑस्करही मिळालं.

हे सगळे चित्रपट दोन-चार आठवडे चालले की डबे बंद करून गोदामात जायचे. जुना चित्रपट म्हणजे संपलेला माल. टीव्ही आला तेव्हा मोठ्या स्टुडिओंनी आधी त्याला शत्रूच मानलं आणि आपला माल द्यायला नकार दिला. १९४८ साली सुप्रीम कोर्टाने स्टुडिओंना स्वतःच्या थिएटर-साखळ्यांपासून वेगळं व्हायला लावलं, प्रेक्षक घरी बसू लागले, गल्ला आटला, आणि मग गोदामातल्या डब्यांकडे लक्ष गेलं. १९५५च्या अखेरीस आरकेओचा साठा विकला गेला. १९५६ मध्ये वॉर्नरचा विकला गेला, तर एमजीएमने आपला साठा न विकता भाड्याने द्यायला सुरुवात केली. पॅरामाउंटने १९५८ मध्ये जुने बोलपट एमसीए या कंपनीला पाच कोटी डॉलरला देऊन टाकले, आणि एमसीएने पुढे युनिव्हर्सल स्टुडिओ घेतला. त्या व्यवहारामुळे ‘हॉलिडे इन’ आज युनिव्हर्सलकडे आहे आणि त्याच गाण्यातून निघालेला ‘व्हाइट ख्रिसमस’ पॅरामाउंटकडेच राहिला.

या सगळ्या सौद्यांत १९४८ ही सीमारेषा होती. त्यानंतर बनलेले चित्रपट टीव्हीवर दाखवायचे तर कलाकार, लेखक, वादक यांना त्यातला वाटा द्या, असं युनियनचं म्हणणं होतं. त्याआधीच्या चित्रपटांवर असा दावा नव्हता. म्हणजे टीव्हीवर स्वस्तात आणि मुबलक मिळाला तो तीस-चाळीसच्या दशकांतला माल, आणि ‘जुना सुवर्णकाळ’ म्हणून अमेरिकन घरांत जो काळ रुजला तो नेमका तोच. यात अभिरुचीचा भाग किती आणि दराचा किती, हे ज्याने त्याने ठरवावं. मला दराचा जास्त वाटतो. सीमारेषा पुसली गेली १९६०च्या संपानंतर. अभिनेत्यांच्या युनियनचे तेव्हाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन (हो, तेच) यांनी तडजोड केली. १९४८ ते १९६० मधल्या चित्रपटांवरचा दावा सोडायचा, त्या बदल्यात पेन्शन आणि आजारपणाच्या निधीसाठी साडेबावीस लाख डॉलर घ्यायचे. त्या काळातले कित्येक नट यावर पुढे आयुष्यभर धुसफुसत राहिले. पुढच्याच वर्षी एनबीसी या टीव्ही नेटवर्कने शनिवारी रात्री नव्यातले चित्रपट दाखवायला सुरुवात केली.

सण आणि टीव्हीवरचा सिनेमा यांची गाठ मात्र त्याआधीच बसली होती. ३ नोव्हेंबर १९५६ला सीबीएस या दुसऱ्या नेटवर्कने ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ दाखवला. १९३९ साली पहिल्या प्रदर्शनात एमजीएमला त्यात तोटा आला होता. टीव्हीवर तो रात्री नऊला, म्हणजे पोरांच्या झोपायच्या वेळेला लागला, तरी कोट्यवधींनी पाहिला. दुसऱ्यांदा दाखवला तो १३ डिसेंबर १९५९ला, रविवारी, संध्याकाळी सहा वाजता. ही वेळ कळीची ठरली. पहिल्या खेपेपेक्षा जास्त लोक बसले आणि सीबीएसने तो दरवर्षी एकदाच दाखवायचा पायंडा पाडला. १९५९ ते १९६२ अशी चार वर्षं तो डिसेंबरातच आला, नंतर जानेवारीकडे आणि पुढे वसंताकडे सरकला. पण वर्षातून एकदाच, चुकला तर वर्षभर थांबा, हा नेम तिथे पक्का झाला. व्हिडिओ कॅसेट यायच्या आधीच्या दोन पिढ्यांना तो चित्रपट तसाच भेटला.

त्यातली गंमत अशी, की ज्या क्षणासाठी तो चित्रपट प्रसिद्ध आहे तो या प्रेक्षकांना दिसतच नव्हता. वादळात उडालेलं घर आपटतं, डोरोथी दार उघडते आणि कॅन्ससच्या मातकट चौकटीतून टेक्निकलरचा झगमगाट आत येतो. घरातला संच कृष्णधवल असेल तर दाराच्या अलीकडेही राखाडी आणि पलीकडेही राखाडी. रंगीत संच घराघरांत पोचायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं. डोरोथीचे लाल बूट खरंच लाल आहेत हे कित्येकांना मोठेपणी कळलं!

आता फ्रँक काप्राच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’कडे वळू, कारण टीव्हीने काय केलं ते इथे उघड्यावर दिसतं. नाताळच्या आदल्या रात्री पुलावर जीव द्यायला निघालेल्या माणसाची ही गोष्ट. मूळ कथा फिलिप व्हॅन डोरेन स्टर्नची. ती कुणी छापेना, तेव्हा त्याने १९४३च्या नाताळात शुभेच्छापत्र म्हणून २०० प्रती काढून ओळखीच्यांना पाठवल्या. त्यातली एक फिरत फिरत आरकेओपर्यंत गेली आणि मग काप्राकडे. चित्रीकरण झालं १९४६च्या उन्हाळ्यात, कॅलिफोर्नियातल्या एन्सिनोला, भर उकाड्यात. तोपर्यंत सिनेमातला बर्फ म्हणजे पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स. त्यावर पाऊल पडलं की असा आवाज व्हायचा की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. काप्राला जागेवरचे संवाद हवे होते. म्हणून स्टुडिओच्या माणसांनी आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी एकत्र करून पंख्यापुढे सोडलं. हा बर्फ निःशब्द पडायचा, कपड्यांवर चिकटायचा. त्याबद्दल अकादमीने तांत्रिक पुरस्कार दिला. पुलावरच्या प्रसंगात ओव्हरकोटातल्या नायकाला, जेम्स स्टुअर्टला, जो घाम फुटलाय, तो अभिनयाचा नाही म्हणतात.

चित्रपट जानेवारी १९४७मध्ये यायचा होता. त्याच वर्षीच्या ऑस्करमध्ये बसावा म्हणून तो २० डिसेंबर १९४६ला न्यूयॉर्कमध्ये लावला. पाच नामांकनं मिळाली, त्यातलं एकही पदरात पडलं नाही. आरकेओच्या वहीत सव्वापाच लाख डॉलरचा तोटा लागला. वर एफबीआयच्या एका टिपणात, यात बँकवाला खलनायक दाखवलाय म्हणजे हा कम्युनिस्टांचा कावा असावा, अशी शंका नोंदवलेली. काप्राची स्वतःची लिबर्टी फिल्म्स ही कंपनी १९४७ मध्येच पॅरामाउंटला विकावी लागली.

चित्रपट हातोहात फिरत शेवटी टीव्हीला सिनेमे पुरवणाऱ्या नॅशनल टेलिफिल्म असोसिएट्सकडे आला. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात कॉपीराइट २८ वर्षांचा असे, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी अर्ज केला तर आणखी २८ वर्षं मिळत. १९४६ अधिक २८ म्हणजे १९७४. त्या वर्षी हा अर्ज गेलाच नाही. एका पडेल चित्रपटाच्या कागदाकडे कोण बघतो?

अर्ज न गेल्यामुळे चित्रपट सार्वजनिक झाला, म्हणजे कुणीही परवानगीशिवाय दाखवावा. गावोगावच्या छोट्या स्टेशनांना डिसेंबरात हेच हवं होतं. सुट्ट्यांमुळे माणसं रजेवर, खर्च कमी ठेवायचा, आणि तास मात्र भरायचेच. (न्यूयॉर्कच्या डब्ल्यूपीआयएक्सने १९६६च्या नाताळच्या आदल्या रात्री चक्क शेकोटीत जळणारं लाकूड दाखवलं होतं, मागे नाताळची गाणी लावून, तेही लोकांनी आवडीने बघितलं आणि तो वार्षिक कार्यक्रम झाला.) आता एक दोन तासांचा, जेम्स स्टुअर्टचा, शेवटी नाताळात सगळं गोड होणारा चित्रपट फुकट मिळत होता. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून तो एकाच शहरात एका आठवड्यात पाच-सहा ठिकाणी लागू लागला, कुठे जाहिरातींसाठी कापलेला, कुठे झिजलेल्या प्रतीवरून. एका बटणावरून दुसऱ्यावर गेलं की तोच माणूस त्याच पुलावर उभा. थिएटरात ज्याला प्रेक्षक मिळाले नाहीत त्याला टाळणं अवघड झालं, आणि न टाळता आलेली गोष्ट लोकांना हळूहळू आवडू लागली. मी चित्रपटाच्या गुणाला कमी लेखत नाही. दिवाळखोरीच्या काठावर आलेल्या माणसाची ती काळीकुट्ट वीस मिनिटं आजही अंगावर येतात. पण १९७४ला तो अर्ज वेळेवर गेला असता तर ती किती जणांनी पाहिली असती?

पुढे मालकही जागे झाले. नॅशनल टेलिफिल्मने तोवर रिपब्लिक पिक्चर्स हे नाव घेतलं होतं. १९९० साली हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’ या चित्रपटाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की चित्रपट ज्या कथेवर बेतलाय तिच्या हक्कांना चित्रपटाच्या मालकालाही जुमानावं लागतं. रिपब्लिकच्या वकिलांनी हा धागा पकडला. चित्रपटाचा कॉपीराइट गेला असेल, पण शुभेच्छापत्रातल्या कथेचा शाबूत होता, आणि संगीताचे हक्कही कंपनीने मिळवले. १९९३ मध्ये तिने स्टेशनांना कळवलं, आता फुकट नाही. १९९४ला एनबीसीशी करार झाला आणि गल्लोगल्ली लागणारा चित्रपट एकाच नेटवर्कवर वर्षातून एक-दोनदा दिसू लागला.

संगीतपटांना टीव्हीने मोठं केलं तसं छाटलंही. टीव्हीवरून प्रेक्षक परत ओढायला हॉलिवूडने पन्नाशीत पडदा रुंद केला. ‘व्हाइट ख्रिसमस’ हा व्हिस्टाव्हिजन या रुंद पडद्याच्या तंत्राचा पहिलाच चित्रपट. तोच रुंद पडदा मग चौकोनी संचात कोंबायची वेळ आली. ‘सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स’मध्ये सात भाऊ कोठार उभारताना नाचतात, सिनेमास्कोपची ती चौकट टीव्हीसाठी छाटली की काठावरचे भाऊ पार नाहीसे. केबल वाहिन्यांचा मालक टेड टर्नर याने १९८६ मध्ये एमजीएमचा साठा घेतला तेव्हा त्याच्या नावाने ओरड झाली ती कृष्णधवल चित्रपटांना संगणकाने रंग फासण्यावरून. पण १४ एप्रिल १९९४ला त्याच टर्नरने टीसीएम (टर्नर क्लासिक मूव्हीज) ही वाहिनी सुरू केली आणि जुने चित्रपट न कापता, जाहिरातींशिवाय, वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून पूर्ण रुंदीत दाखवले.

टर्नरचा तो साठा आपल्याकडेही आला. एमजीएमची ओळख मुंबईला नवी नव्हती. धोबीतलावचं मेट्रो हे त्यांनीच १९३८ मध्ये बांधलेलं थिएटर. पण नव्वदच्या दशकात केबल घेतलेल्या मराठी घरांना हे चित्रपट भेटले ते वेगळ्याच वाटेने. दिवसभर कार्टून नेटवर्क लावून बसलेल्या पोरांची वाहिनी रात्री अचानक टीएनटी ही टर्नरचीच चित्रपटवाहिनी व्हायची आणि टॉम-जेरीच्या जागी संगीतपटांचा नट जीन केली नाचू लागायचा. एमजीएमचं कार्टून आणि एमजीएमचे संगीतपट एकाच साठ्यातून येत होते, म्हणून एकाच वाहिनीवर. २००१ मध्ये कार्टून नेटवर्क चोवीस तासांचं झालं आणि ती रात्रीची खिडकी बंद झाली.

ब्रिटनमध्ये नाताळच्या दिवशीचा मोठा चित्रपट ही बीबीसीची मिरवायची गोष्ट होती. १९७५च्या २५ डिसेंबरला तिथे ‘ऑझ’ पहिल्यांदा लागला, १९७८च्या २५ डिसेंबरला ‘द साउंड ऑफ म्युझिक’. अमेरिकेत ‘साउंड ऑफ म्युझिक’मधलं आवडत्या गोष्टींचं गाणं आधीच नाताळच्या रेकॉर्डवर जाऊन बसलं होतं. चित्रपटात ते वादळी रात्री घाबरलेल्या मुलांसाठी आहे, पण लोकरी हातमोजे आणि पार्सलांचा उल्लेख आल्यावर रेकॉर्ड कंपन्यांना तेवढं पुरलं. ५ डिसेंबर २०१३ला एनबीसीने हीच संगीतिका गायिका कॅरी अंडरवुडला घेऊन थेट प्रक्षेपित केली. समीक्षकांनी झोडपली, पण १ कोटी ८० लाखांवर लोकांनी पाहिली, आणि डिसेंबरात थेट संगीतिका हा काही वर्षं पायंडाच पडला.

आता हॉलमार्क वाहिनी दरवर्षी डझनावारी नवे नाताळपट काढते, आणि जुने चित्रपट स्ट्रीमिंगवर बाराही महिने मिळतात. हक्कांची घड्याळं मात्र चालूच आहेत. अमेरिकन कायद्यात आता त्या काळच्या चित्रपटांना ९५ वर्षं मिळतात. त्या हिशेबाने ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ १ जानेवारी २०३५ला आणि ‘हॉलिडे इन’ २०३८च्या पहिल्या दिवशी तिथे सार्वजनिक होईल. या वेळी मुदतवाढीचा अर्ज करायची सोयच कायद्यात नाही.