मालक म्हातारे आहेत, की म्हातारे होत चाललेत?

जुन्या स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला कुणीतरी ते ठरलेलं वाक्य टाकतोच. "मालक बघा, सगळे साठी-सत्तरीचे. ते गेले की या गाड्यांना कुत्रं विचारणार नाही." सगळे माना डोलावतात आणि विषय संपतो. या वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. त्यातली एक खरी असेल तर पुढच्या किमतीची काळजी करण्याचं कारण नाही, दुसरी खरी असेल तर आहे.

जुनी गाडी म्हणजे काय, ती हौस काय असते, हे वाचणाऱ्याला माहीत आहे असं धरतो. व्हिंटेज कुठे संपतं आणि क्लासिक कुठे सुरू होतं, या वादातही शिरत नाही. त्यावर लोकांनी तासन्‌तास घालवले आहेत आणि त्याने कुठल्याही गाडीची किंमत हललेली नाही.

पहिली गोष्ट अशी की काही वस्तू माणूस ठरावीक वयातच घेतो. दोन सीटची, पावसात गळणारी, डिकीत एक बॅग जेमतेम मावणारी गाडी ही घरातली दुसरी किंवा तिसरी गाडी असते. तिला झाकलेली जागा लागते, मोकळे रविवार लागतात आणि घराचे हप्ते, मुलांच्या फिया यातून सुटलेला पैसा लागतो. पंचविशीत यातलं एकही नसतं, पन्नाशीत हळूहळू जमतं. सकाळी बागेत फिरणाऱ्यांचं सरासरी वय काढा, ते कायम साठीच्या आसपासच निघेल. म्हणून वीस वर्षांनी बाग ओस पडेल असं कुणी म्हणत नाही. हा झाला वयाचा परिणाम. माणसं बदलतात, वय तेच राहतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पिढीचा परिणाम. एखादी गाडी एका विशिष्ट पिढीच्या मनात बसलेली असते, कारण ती पिढी पंधरा-सोळा वर्षांची असताना ती गाडी रस्त्यावर होती, भिंतीवरच्या पोस्टरवर होती. पैसा आल्यावर त्याच लोकांनी ती घेतली. आता ते तिच्यासोबत म्हातारे होत आहेत आणि मागे रांगेत कुणी नाही. इथे माणसं तीच राहतात, वय वाढत जातं.

घोळ नेमका इथे होतो, कारण आज बघितलं तर दोन्हींचं चित्र सारखंच दिसतं: पांढरे केस. एका सर्वेक्षणावरून यातलं काय चाललंय ते कळूच शकत नाही. समजा, एखाद्या मॉडेलच्या मालकांचं सरासरी वय आज 62 निघालं. दहा वर्षांनी तेच सर्वेक्षण पुन्हा करा. पुन्हा 62 च्या आसपास आलं तर वयाचा परिणाम, 72 कडे सरकलं तर पिढीचा. मधलं काही आलं तर दोन्हींचं मिश्रण, आणि बहुतेक वेळा तेच येतं. पण मथळे मात्र एका आकड्यावर बांधले जातात. "सरासरी वय बासष्ट!" बरं, मग? दहा वर्षांपूर्वी किती होतं ते सांगा, नाहीतर राहू द्या.

त्यात आणखी एक गफलत लपलेली असते. मालकाचं वय आणि गिऱ्हाइकाचं वय एक नसतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी घेतलेली गाडी माणूस पंचाहत्तरीपर्यंत ठेवतो, म्हणजे सत्तावीस वर्षं तो मालकांच्या सरासरीत मोजला जातो आणि दरवर्षी ती थोडी वर ढकलतो. गिऱ्हाइकांत तो मोजला गेला फक्त घेतली त्या वर्षी. त्यामुळे बाजार अगदी ठणठणीत असला तरी मालकांचं सरासरी वय गिऱ्हाइकांपेक्षा बरंच जास्त निघणार. क्लबच्या मेळाव्यात तर आणखी जास्त, कारण तिथे सकाळी सातला येऊन बसायला सवड असते ती निवृत्तांनाच. मेळाव्यातली डोकी बघून पुनर्विक्रीचं भाकीत करणारे लोक चुकीच्या रांगेतली माणसं मोजत असतात. गाडी विकली जाते गिऱ्हाइकाला. त्याचं वय विचारा. हॅगर्टीसारख्या विमा कंपन्या कुठल्या मॉडेलच्या विम्याची चौकशी कुठल्या पिढीकडून येते ते वेळोवेळी मांडतात. मालकांच्या सरासरीपेक्षा ती माहिती कितीतरी कामाची.

पिढीचा परिणाम खरा असतो, हे मात्र मान्य करायला हवं. एमजी या ब्रिटिश कंपनीची टीसी बघा. 1945 ते 1949 या काळात जेमतेम दहा हजार बनल्या. बऱ्याच अमेरिकेत गेल्या आणि तिथल्या तेव्हाच्या तरुणांना लहान, उघड्या ब्रिटिश गाड्यांचं वेड लावून गेल्या. 1948 साली जो वीस वर्षांचा होता, तो 1928 चा जन्म. तो आता गिऱ्हाईक नाही. टीसीची किंमत एका रात्रीत कोसळली नाही. ती जिथल्या तिथे रेंगाळली आणि महागाई पुढे निघून गेली. पिढीचा परिणाम असाच दिसतो: भाव तोच, गिऱ्हाईक लागायला वेळ जास्त, आणि पंधरा वर्षांनी हिशेब केला तर हातात कमी. "मालक गेले की बाजार कोसळेल" हे चित्र नाट्यमय आहे, पण माणसं एका दिवशी जात नाहीत. युद्धानंतरची मोठी पिढी 1946 पासून 1964 पर्यंतची, म्हणजे तिच्याच दोन टोकांत अठरा वर्षांचं अंतर.

आणि गाडी बाजारात येते ती मृत्यूची वाट न बघता. गुडघे आधी बोलतात. जॅग्वार ई-टाइपमध्ये बसून बघा: दाराचा उंबरा उंच आणि रुंद, सीट जवळजवळ जमिनीवर, छत डोक्याला घासेल इतकं खाली. आत जाताना आधी बूड टाकायचं, मग पाय एकेक करून उचलून आत घ्यायचे. बाहेर येणं त्याहून कठीण. चाळिशीत यात रुबाब वाटतो, पंचाहत्तरीत बायको हात द्यायला उभी असते. वारस विकतात त्याआधी बऱ्याच गाड्या मालक स्वतःच विकतो, शांतपणे, योग्य माणूस बघून.

"आजच्या पोरांना गाड्यांत रसच नाही" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. त्यांना तुमच्या गाड्यांत रस नाही, एवढंच. अमेरिकेत परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाली की तिथल्या सुरक्षा नियमांतून सुटते आणि आयात करता येते. निसान स्कायलाइन जीटी-आरची आर32 ही 1989 ची, ती 2014 पासून येऊ लागली. 1999 ची आर34 2024 पासून. या गाड्यांमागे धावणारे लोक नव्वदच्या दशकात शाळेत होते आणि व्हिडिओ गेममध्ये त्या चालवत होते. टोयोटा सुप्राचंही तेच. मॅकलारेन एफ1 फक्त 106 बनल्या. त्यातली एक 2021 मध्ये 2 कोटी डॉलरच्या वर गेली. म्हणजे वयाचा परिणाम जोरात चालू आहे. पैसा हातात आलेली पिढी आपल्या पोस्टरवरची गाडी घेते आहे. पोस्टर बदललं, इतकंच.

मग एकाच काळातल्या दोन गाड्यांचं नशीब वेगळं का? पोर्शे 911 चं उत्पादन 1964 मध्ये सुरू झालं आणि ती अजून बनते आहे. प्रत्येक पिढीच्या लहानपणी रस्त्यावर एक नवी 911 असतेच, त्यामुळे जुन्या 911 ला नवा चाहता आपोआप मिळतो. ट्रायम्फची शेवटची स्पोर्ट्स कार, टीआर7, 1981 मध्ये बंद झाली. त्यानंतर जन्मलेल्या कुणीही शोरूममध्ये ट्रायम्फची नवी स्पोर्ट्स कार पाहिलेली नाही. एमजीच्याच एमजीबी या गाडीचं दुखणं आणखी वेगळं. 1962 ते 1980 मध्ये पाच लाखांहून जास्त बनल्या, म्हणजे दुर्मिळतेचा आधार नाही. आणि 1989 मध्ये माझदाने एमएक्स-5 आणली, जी तेच सुख देते, पावसात गळत नाही आणि सकाळी पहिल्या किल्लीला चालू होते. 2016 पर्यंत तिने दहा लाखांचा आकडा ओलांडला. एमजीबीच्या किमतीला खरा धक्का कुठून बसेल असं विचाराल तर मालकांच्या वयाआधी मी एमएक्स-5 चं नाव घेईन.

काही गाड्यांना यातलं काहीच लागू नाही. लंडन ते ब्रायटन या फेरीत 1905 पूर्वीच्याच गाड्या घेतात. त्या नव्या असताना पाहिलेला माणूस आज जगात नाही, तरी गिऱ्हाईक आहे, कारण ती गाडी म्हणजे त्या फेरीचं तिकीट. मिले मिलिया या इटलीतल्या फेरीचं तसंच: 1927 ते 1957 मधल्या मूळ शर्यतीत धावलेली मॉडेलंच त्यात चालतात. फेरारी 250 जीटीओ 36 बनल्या. एक 2018 मध्ये 4 कोटी 84 लाख डॉलरला गेली. तिथे घेणाऱ्याच्या लहानपणीच्या आठवणींचा फारसा संबंध उरत नाही. पण जीटीओचा आकडा दाखवून एमजीबीवाल्याला धीर देणारे लोक आहेत. कृपा करा, असं करू नका.

बाकीच्या शंका चटकन मिटतात. सगळ्याच गाड्या एकदम पडल्या तर तो वयाचाही परिणाम नाही आणि पिढीचाही, तो काळाचा परिणाम. फेरारीचे संस्थापक एन्झो फेरारी ऑगस्ट 1988 मध्ये वारले, फेरारींचे भाव पिसाटले आणि नव्वदीच्या सुरुवातीला आपटले. दोन-तीन वर्षांत कुठली पिढी म्हातारी झाली नव्हती. जाहिरातीतली किंमत म्हणजे मागितलेली किंमत, मिळालेली नव्हे. प्रदूषणाच्या नियमांचं म्हणाल तर जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेणाऱ्या लंडनच्या उत्सर्जन क्षेत्रातसुद्धा ऐतिहासिक म्हणून नोंदलेल्या, चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना सूट आहे.

मला विचाराल तर पंधरा वर्षांनी विकायचा बेत असेल, तर पहिल्या पिढीची, गंज नसलेली, मूळ रंगातली एमएक्स-5 घ्या. तिचा गिऱ्हाईक आत्ता कुठे चाळिशीत येतो आहे. चालवायची हौस असेल तर एमजीबी बिनधास्त घ्या, भाव जागचा हलणार नाही हे धरून. तिची संपूर्ण नवी बॉडी ब्रिटिश मोटर हेरिटेजने 1988 पासून बनवायला घेतली, सुटे भाग ढिगाने मिळतात. ती घेताना विकणाऱ्याचं वय बघत बसू नका. जमिनीवर आडवं होऊन दाराखालच्या पट्ट्या गंजल्यात का ते बोटाने दाबून बघा.