फोक्सवॅगन एक्सएल१

एक्सएल१ ही फोक्सवॅगनची दोन सीटची डिझेल प्लग-इन हायब्रिड गाडी (म्हणजे डिझेल इंजिनासोबत प्लग लावून चार्ज होणारी बॅटरी आणि मोटर), २०१३ मध्ये आली. कंपनीचा आकडा १०० किमीला ०.९ लिटर, म्हणजे लिटरला १११ किमीचं अ‍ॅव्हरेज. आता हा आकडा बॅटरी चार्ज करून निघाल्यावरचा आहे हे लक्षात घ्यायला हवं, नुसत्या डिझेलवर १०० किमीला साधारण २ लिटर लागतं, आणि खरं सांगायचं तर तेही जबरदस्तच आहे.

मुळात ही कल्पना फोक्सवॅगनचे तेव्हाचे प्रमुख फर्डिनांड पिएख यांची. २००२ मध्ये ते स्वतः पहिला नमुना चालवत वोल्फ्सबुर्गहून हाम्बुर्गला शेअरहोल्डर्सच्या मीटिंगला गेले, वजन फक्त २९० किलो, सीट बाईकसारख्या एकामागे एक, आणि १०० किमीला डिझेल लागलं ०.८९ लिटर.

लोकांना वाटतं अ‍ॅव्हरेज म्हणजे इंजिनाचा खेळ, पण हायवेला बरीचशी ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. स्पीड दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो तोडायला ताकद आठपट लागते. त्यातही नाकापेक्षा शेपूट महत्त्वाची, मागे हवा एकदम तुटली की भोवरे होतात आणि ते गाडीला मागे ओढत राहतात. पावसाळ्यात हॅचबॅकची मागची काच चिखलाने कशी माखते बघा, ते ह्याच भोवऱ्यांचं काम, चाकांनी उडवलेला चिखल फिरून काचेवर येतो.

म्हणून एक्सएल१ मागे निमुळती होत जाते, मागची चाकं पुढच्यांपेक्षा आत घेतलेली आणि बाहेरून झाकलेली, आरशांच्या जागी कॅमेरे, उंची जेमतेम १.१५ मीटर, टायर बारीक. ड्रॅग कोएफिशंट, म्हणजे आकारामुळे हवेचा विरोध किती होतो त्याचा आकडा, ०.१८९, साध्या गाड्यांचा ०.३ च्या आसपास असतो. बॉडी कार्बन फायबरची, त्यामुळे वजन ७९५ किलोच. इंजिन दोन सिलिंडरचं, ४८ पीएस (म्हणजे हॉर्सपॉवर), सोबत २७ पीएसची मोटर. पण समतल रस्त्यावर १०० चा स्पीड धरून ठेवायला हिला फक्त ८.४ पीएस पुरतात, आपल्या स्प्लेंडरच्या इंजिनाची ताकद साधारण तेवढीच आहे! मला ह्या गाडीची सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते.

शेपूट निमुळती केली की मागे माणसं बसवायला जागा उरत नाही, आणि रुंदी वाचवायला पॅसेंजरची सीटसुद्धा ड्रायव्हरच्या थोडी मागे सरकवलेली आहे. त्यात कार्बन फायबरमुळे किंमत एक लाख युरोच्या वर गेली. ओस्नाब्रुकच्या कारखान्यात २५० गाड्या करायचं ठरलं होतं, मोठ्या प्रमाणावर ती कधीच निघाली नाही.