जागलीचा बांबू आणि मांडीचं हाड

हरभऱ्याला घाटे धरले की आमच्या वऱ्हाडात रानडुकरांपायी जागली सुरू होते. मचाणासाठी बांबू निवडताना मी, हाडाचा विज्ञानाचा मास्तर, प्रत्येक बांबूची पोकळी पट्टीनं मोजत बसलो होतो. काका वैतागले. “अबे, आतल्या पोकळीले काय मापतं? बाहेरून किती जाड हाये थे पाह!”

काकांचं म्हणणं मांडीच्या हाडालाही लागू पडतं. तेही मधोमध पोकळ नळीच. समजा, बाहेरचा व्यास २७ मिमी आणि मज्जेच्या पोकळीचा १३. न वाकता टिकण्याचा ताठपणा काढताना बाहेरच्या व्यासाच्या चौथ्या घातातून आतल्याचा चौथा घात वजा करतात. त्यामुळे पोकळीनं छेदाचा जवळजवळ पाव हिस्सा खाल्ला तरी ताठपणा जेमतेम ५ टक्के घटतो. आतला व्यास मोजताना १ मिमी जास्त धरला, तर हिशेब २ टक्क्यांनी चुकतो. तीच चूक बाहेरच्या व्यासात झाली, तर साडेसोळा टक्क्यांनी! सुताराच्या हिशेबात १ मिमी म्हणजे सुताचा (इंचाच्या आठव्या भागाचा) तिसरा हिस्साही नाही.

बरं, जित्या माणसाच्या हाडाला कॅलिपर कुठून लावणार? मोजायची ती एक्स-रेतली सावली. रात्री झोपडीत मोबाईलचा टॉर्च भिंतीपासून मीटरभर अंतरावर टांगला. बांबू भिंतीला टेकवला तेव्हा सावली त्याच्याएवढीच. वीतभर पुढे आणला तशी फुगली. एक्स-रेचंही तसंच. किरणांची नळी प्लेटपासून १०० सेंमीवर आणि हाड प्लेटपासून १० सेंमीवर असेल, तर २७ मिमीचं हाड ३० चं दिसतं. फरक ११ टक्क्यांचा, पण चौथा घात घेतला की ताठपणा दीडपट निघतो. मांडी जितकी मांसल, तितकं हाड प्लेटपासून लांब. म्हणजे यंत्र तेच, तरी लुकड्याचं हाड कमी फुगतं आणि जाड्याचं जास्त.

नडगीचं दुखणं निराळं. तिचा छेद तिकोनी, त्यामुळे पाय जरा वळला की सावलीची रुंदी बदलते. सीटी स्कॅनमध्ये खरा छेद दिसतो. पण अर्ध्या मीटरचं चित्र ५१२ चौकटींत वाटलं की एकेक चौकट १ मिमीच्या आसपास येते. हाडाची कड चौकटीच्या मधून गेली, तर ती चौकट हाडात धरायची की मांसात? म्हणून मोजायच्या भागापुरतंच चित्र घेऊन चौकटी बारीक करतात.

फुगलेल्या सावलीवर अस्थिरोगतज्ज्ञांकडे साधा तोडगा आहे. एक्स-रे काढताना पायाशेजारी २५ मिमी व्यासाची धातूची गोळी ठेवायची. चित्रात ती साडेसत्तावीस दिसली, तर मापं १० टक्के फुगली आहेत असं समजायचं. मात्र गोळी हाडाच्याच उंचीवर हवी. घाईत ती टेबलावर नुसती ठेवून दिली, तर गोळी हाडापेक्षा कमी फुगते आणि ‘दुरुस्त’ केलेलं माप तरीही मोठंच राहतं.