हॅप्लोग्रुप आणि टक्केवारी: वंशाच्या अहवालातली दोन वेगळी उत्तरं

सांगली-साताऱ्याकडे डीएनए चाचणी करून घेणाऱ्याचा प्रश्न बहुधा एकच असतो: आपलं घराणं मूळचं कुठलं? कुणी राजस्थान ऐकलेलं असतं, कुणी कर्नाटक. लाळेची नळी पाठवायची, अहवाल यायचा. त्यात एकीकडे ‘आर-1-ए’ किंवा ‘एच’ असा हॅप्लोग्रुप, म्हणजे वंशाच्या एका शाखेचं नाव, दुसरीकडे प्रदेशांची टक्केवारी. दोन्ही मिळून ‘आपला वंश’ असं धरलं जातं आणि तिथेच घोळ सुरू होतो.

हॅप्लोग्रुप एका रेघेचा असतो. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचा, डीएनए, अवघा 16,569 अक्षरांचा, आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे जातो तो मुलींमार्फतच. मधूनमधून एखादं अक्षर बदलतं आणि त्या बदलांवरून शाखा ओळखतात. दहा पिढ्या मागे गेलं तर पूर्वजांच्या 1024 जागा होतात. वाय त्यातल्या एका पुरुषाचं सांगतो, मायटोकॉन्ड्रिया एका बाईचं. बाकीच्या 1022 जागांबद्दल हे दोन्ही हॅप्लोग्रुप गप्प असतात.

आईकडची रेघ मला जास्त मोलाची वाटते, कारण ती कुठल्याच वंशावळीत सापडत नाही. जत तालुक्यातलं एखादं घर घ्या. आजी अथणीकडची, तिची आई विजापूरकडची, तिच्या आईचं माहेर कुणालाच ठाऊक नाही. ही रेघ लग्नागणिक गाव बदलते, कधी भाषाही बदलते. भिंतीवर लावलेल्या वंशवृक्षात या बायकांची नावंसुद्धा नसतात.

बापाकडची रेघ आडनावाबरोबर चालते असं आपण धरून चालतो. पण दत्तक आला की आडनाव तेच राहतं आणि वाय बदलतो. साताऱ्याला हे वेगळं सांगायला नको. 1848 साली दत्तक वारस नाकारूनच डलहौसीने हे राज्य खालसा केलं. घराण्याच्या आणि धर्माच्या दृष्टीने दत्तक पुत्र पूर्ण वारस, गुणसूत्राला मात्र त्याचा पत्ता नसतो. म्हणून एकाच कुळातल्या दोघांचे हॅप्लोग्रुप वेगळे आले तरी कुणी कुणाकडे संशयाने पाहू नये.

‘आर-1-ए’ आला म्हणजे राजपूत मूळ सिद्ध झालं, हा दावा तर साफ चुकीचा आहे. ही शाखा उत्तरेत आणि ब्राह्मणांत जास्त आढळते हे खरं, पण आंध्र-तेलंगणातल्या चेंचू आदिवासींतही ती मिळाली आहे. पोलंडमध्येही ती भरपूर आहे, फक्त तिथली उपशाखा वेगळी. ‘एच’ आला म्हणून राजस्थानची आठवण खोटीही ठरत नाही. या शाखा हजारो वर्षांपूर्वीच्या आहेत, आणि आपल्या कुळाच्या कथा काही शतकांच्या.

टक्केवारीचं गणित निराळं. ती गुणसूत्रांच्या उरलेल्या 22 जोड्यांवरून काढतात, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेल्या सरमिसळीवरून. कंपनीकडे आज हयात असलेल्या लोकांचे नमुने प्रदेशवार लावलेले असतात आणि आपला डीएनए त्यांतल्या कुणाशी किती जुळतो ते ती सांगते. तो संदर्भगट बदलला की आपण होतो तिथेच असतो, आकडे मात्र हलतात. दोन कंपन्यांचे आकडे जुळत नाहीत ते बरंचसं यामुळे. सख्ख्या भावंडांची टक्केवारीही थोडी वेगळी येते, कारण प्रत्येकाच्या वाट्याला आलेला अर्धा भाग वेगळा असतो.

‘मध्य आशिया 8 टक्के’ असं दिसलं म्हणून कुणी पणजोबा तिकडून आले असं समजू नये. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे लालजी सिंग, कुमारसामी तंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्या गटाने 2009 साली दाखवलं की आजचे बहुतेक भारतीय समाज दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आले आहेत, प्रत्येकात प्रमाण तेवढं वेगळं. 2013 च्या पुढच्या अभ्यासात या मिश्रणाचा काळ साधारण 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीचा निघाला. नंतर जातीतल्या जातीत लग्नं रूढ झाली. शुद्ध रक्ताचा अभिमान बाळगावा असं या आकड्यांत काहीही नाही.

मूळ गाव हवं असेल तर ते यांतल्या कुठल्याच पानावर मिळणार नाही. त्यासाठी पूर्वी बैलावरून येणारा हेळवी गाठावा. त्याच्या वहीत कुळाच्या पिढ्या, मूळ गाव, कुलदैवत असतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, पाहावं आणि मोडी वाचणारा सोबत न्यावा. जात पडताळणीलाही कागदच लागतात, लाळेची नळी नाही.

चाचणी करायचीच असेल तर बायकांनी एक लक्षात ठेवावं: त्यांच्यात वाय नसतो. बापाकडची रेघ हवी असेल तर वडील, सख्खा भाऊ किंवा चुलतभाऊ यांच्यापैकी कुणाचा तरी नमुना द्यावा लागतो, आणि तोही त्यांना नीट विचारून.