कोळप्याला इंजिन उशिरा का लागले?

कोळपे म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधले तण काढणारे अवजार. उभ्या पिकात इंजिन चालवायला माणसाला नांगरटीपेक्षा बराच जास्त काळ लागला. अडचण ताकदीची नव्हती. मोकळ्या रानात ट्रॅक्टर वीतभर सरकला तरी बिघडत नाही. ओळीत चार बोटे सरकला की रोपे उपटून येतात. पहिल्या महायुद्धाच्या आसपास अमेरिकेत केवळ कोळपणीची, स्वतःच्या इंजिनावर चालणारी यंत्रे निघाली. हंगामातले काही आठवडे काम आणि उरलेले वर्षभर धूळ, त्यामुळे ती टिकली नाहीत. ट्रॅक्टर घेतलेले शेतकरीही कोळपणीसाठी घोडे पोसतच राहिले. घोडा जाईल एवढे अंतर हवे, म्हणून मक्याच्या ओळी चाळीस इंचांच्या आसपास ठेवाव्या लागत.

१९२४ मध्ये बाजारात आलेल्या ट्रॅक्टरने हे बदलले. पुढची दोन चाके चिकटून, दोन ओळींमधल्या पट्ट्यात चालणारी. पोट पिकाच्या शेंड्यांवरून जाईल इतके उंच. आणि फास, म्हणजे माती खरवडणारे पाते, चालकाच्या नजरेसमोर. नांगरायला आणि कोळपायला एकच यंत्र पुरू लागल्यावरच घोड्यांची गरज खरोखर संपत गेली.

पण कोळपणी मुळात कशासाठी, हा वाद त्याहून जुना आहे आणि यंत्राची घडण त्यावरच ठरते. १७३१ मध्ये इंग्लंडात घोड्याच्या कोळप्याचा पुरस्कार झाला तो तणासाठी नव्हे, तर बारीक माती हेच पिकाचे अन्न या चुकीच्या समजुतीने. पुढे मातीचा भुसभुशीत थर ओलावा धरतो हे कारण पुढे आले. आपल्याकडे 'एक कोळपणी, अर्धे पाणी' म्हणतात ते हेच. अमेरिकेत १९१२ च्या सुमारास मक्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले: माती न हलवता तण नुसते वरून खरवडून काढले, तरी उत्पादन जवळजवळ तेवढेच. भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत म्हण खोटी नाही, भेगा बुजल्या की ओल टिकते. तरीही पहिला फायदा तण जाण्याचाच, हे मान्य करायला हवे. मग फास दोन बोटांपेक्षा खोल घालायचे कारण उरत नाही. खोल गेला की पिकाची वरची मुळे तुटतात आणि खाली निजलेले तणाचे बी उजेडात येऊन रुजते. आज पॉवर वीडर म्हणून विकली जाणारी फिरत्या पात्यांची अनेक यंत्रे नेमकी हीच चूक करतात. माती सुंदर दिसते, आणि पुढच्या पावसानंतर तणाचा नवा गालिचा.

१९४५ नंतर तणनाशके आली आणि कोळपे कोपऱ्यात गेले. मधून यंत्र न्यायचे नसल्याने ओळी जवळ आल्या. १९९६ मध्ये ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारे सोयाबीन आले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ग्लायफोसेटला न जुमानणारे राय गवत हे तण नोंदले गेले. तेव्हापासून यंत्र परत येते आहे, आता कॅमेऱ्याने ओळ ओळखून फास बाजूला सरकवणारे.

दोन ओळींमधल्या तणाचा प्रश्न आता सुटला आहे. रोपाशेजारचे, ओळीतलेच तण अजून अवघड. रबरी बोटांची फिरती चक्रे ते उपटतात, पण पीक मुळावलेले आणि तण अजून पांढऱ्या दोऱ्याएवढे असेल तरच. वाफसा, म्हणजे माती कामाजोगी सुकणे, मिळायला आठवडा उशीर झाला की तिथे खुरपेच लागते.