‘अन’ लावायचं की ‘इन’?

केंब्रिजच्या ‘सी-वन ॲडव्हान्स्ड’ या इंग्रजीच्या परीक्षेतला शब्दघडणीचा प्रश्न दिसायला गरीब असतो. एक उतारा, त्यात ८ रिकाम्या जागा, आणि प्रत्येक जागेच्या ओळीशेजारी कॅपिटल अक्षरांत एक मूळ शब्द. त्याचं योग्य रूप करून जागा भरायची. एका जागेला एक गुण. स्पेलिंग चुकलं की तोही गेला.

हमखास फसगत होते ती नकाराच्या जागी. ‘इथे उलट अर्थ हवा’ असं कुणी सांगत नाही, ते वाक्यावरून ताडायचं. आणि ताडलं तरी पुढे प्रश्न उरतोच: नकारासाठी शब्दाआधी कुठला उपसर्ग लावायचा, अन (un-) की इन (in-)?

समजा वाक्य आहे, ‘द कंट्रीज पोलिटिकल अमुक हॅज अलार्म्ड इन्व्हेस्टर्स’, आणि शेजारी शब्द आहे ‘स्टेबल’. गुंतवणूकदार धास्तावलेत, म्हणजे नकार हवा. आधी ‘पोलिटिकल’ आहे, म्हणजे नाम हवं. इथवर बहुतेक जण बरोबर येतात. पण ‘अनस्टेबल’ तोंडात बसलेलं असतं, त्यामुळे हात बेधडक ‘अनस्टॅबिलिटी’ लिहून मोकळा होतो. उत्तर आहे ‘इन्स्टॅबिलिटी’. हीच गत इतरांची: अनेबल पण इनॅबिलिटी, अनजस्ट पण इन्जस्टिस, अनईक्वल पण इनिक्वॉलिटी. या जोड्यांत विशेषणाला अन, नामाला इन.

हा निव्वळ लहरीपणा नाही. खरं तर अन आणि इन ही सख्खी भावंडं आहेत. एकाच इंडो-युरोपीय मुळातून लॅटिनचा ‘इन’ निघाला, जुन्या इंग्रजीचा ‘अन’ निघाला आणि संस्कृतचा ‘अ’ किंवा ‘अन्’सुद्धा. म्हणजे आपल्या ‘अनावश्यक’मधला अन आणि इंग्रजी ‘अननेसेसरी’मधला अन नात्यातलेच! फरक इतकाच, की इंग्रजीत अन घरचा आणि इन फ्रेंच-लॅटिनच्या वाटेने आलेला पाहुणा. इनिक्वॉलिटी, इन्जस्टिस यांसारखी नामं नकारासकटच फ्रेंचमधून आली. त्यांच्या विशेषणांवर मात्र पुढे घरच्या अनने हक्क सांगितला.

म्हणून मी आधी शब्दाचं शेपूट बघायला सांगतो. शेवटी ‘-एड’ किंवा ‘-एन’वालं भूतकालवाचक रूप असेल तर बहुधा अन. ताटात आमटी उरली तर ती ‘अनईटन’. करपून तोंडात घालवेना तर ‘इनएडिबल’. एखाद्या गोष्टीबद्दल अजून ठरलं नसेल तर माणूस ‘अनडिसायडेड’. स्वभावानेच धरसोड असेल तर ‘इनडिसायसिव्ह’. या दुसऱ्या जोडीसारख्या जोड्या परीक्षकाला सोयीच्या, कारण मूळ शब्द एकच देता येतो आणि निवड पूर्णपणे वाक्यावर सोडता येते.

शब्दाचं कूळही कामी येतं. ‘बिलीव्ह’ घरचं, म्हणून अनबिलीव्हेबल. ‘क्रेडिबल’ लॅटिन, म्हणून इनक्रेडिबल. ‘अनरीडेबल’ आणि ‘इल्लेजिबल’ यांतही तेच. डॉक्टरांची चिठ्ठी इल्लेजिबल असते, म्हणजे अक्षरच लागत नाही. छपाई सुबक असूनही दहाव्या पानावर झोप आणणारं पुस्तक मात्र अनरीडेबल.

पण याला नियम म्हणू नका. ‘अनपॉप्युलॅरिटी’ आणि ‘अनप्रिडिक्टेबिलिटी’ ही नामं असून अन धरून बसली आहेत, आणि ‘इनएक्स्पिरियन्स्ड’ला ‘-एड’ असूनही इनच लागतो. फार तर अंदाज बांधायची सोय म्हणा.

स्पेलिंगच्या बाबतीत मात्र दोघांच्या सवयी स्पष्ट वेगळ्या आहेत. अन कुणापुढे वाकत नाही: अनपॉप्युलर, अनरिअल, अनलाइकली. इन पुढचं अक्षर बघून बदलतो: इम्पॉसिबल, इर्रेग्युलर, इल्लीगल. आपल्या ‘निः’चं निराधार, निश्चल, निस्तेज होतं ना, तसंच. म्हणून इर्रेग्युलरमध्ये आर दोनदा येतो, एक उपसर्गाचा आणि एक शब्दाचा. अननेसेसरीच्या सुरुवातीला एन दोनदा, तोही याच हिशेबाने. गुण इथेच गळतात.

सरावाला उपसर्गांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा एक शब्द घेऊन त्याचं गोत लिहावं. ‘एबल’ घ्या: अनेबल, इनॅबिलिटी, एनेबल, डिसेबल्ड, डिसॅबिलिटी. प्रत्येकासाठी स्वतःचं एक वाक्य. इनॅबिलिटी म्हणजे एखादी गोष्ट न जमणं, डिसॅबिलिटी म्हणजे अपंगत्व; यांची अदलाबदल झाली तर वाक्याचा अर्थच पालटतो.

आणि ‘व्हॅल्यू’ आला तर जरा थांबा. ‘इन्व्हॅल्युएबल’ दिसतं नकारासारखं, म्हणून विद्यार्थी ‘बिनकिमतीचं’ या अर्थाने ते लिहून टाकतात. त्यासाठी शब्द आहे ‘व्हॅल्यूलेस’. इन्व्हॅल्युएबल म्हणजे जिचं मोल करता येत नाही अशी गोष्ट. मराठी माणसाने तरी इथे अडायला नको. ‘अमूल्य’ची घडण अगदी अशीच आहे.